'चालू ठेवू ना, सर?'

रात्री दोनला आयसीयूतून फोन येतो. "सर, बारा नंबरचं पॅनेल आलंय, इन्फ्लुएन्झा ए. मेरोपेनेम चालूच ठेवू ना?" मेरोपेनेम हे जिवाणूंवरचं तगडं अँटिबायोटिक, इन्फ्लुएन्झा मात्र विषाणू. मंडळी, मला आज या 'ना'बद्दल बोलायचंय. त्या रेसिडेंट पोरीनं उत्तर ठरवलेलंच असतं, तिला फक्त माझा होकार हवा असतो. आणि खरं सांगू? मीही बहुतेक वेळा "ठेव" म्हणतो आणि कूस बदलतो.

पॅनेल म्हणजे श्वासाचे आजार करणाऱ्या जंतूंची एकत्र तपासणी, आणि ती झकास आहे. नाकातला किंवा व्हेंटिलेटरच्या नळीतून ओढलेला स्राव यंत्रात घालायचा, तासाभरात वीसेक जंतूंची जनुकं तपासून होतात. त्यात बहुतेक विषाणू. कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, दोन-तीन दिवस लागतात. मग वाटतं, विषाणू सापडला, अँटिबायोटिक बंद. सुंठीवाचून खोकला गेला!

इंग्लंडात साउदॅम्प्टनला २०१५ ते २०१६ या काळात, दोन हिवाळे, ७२० प्रौढ रुग्णांवर हे करून पाहिलं. आयसीयूतले नव्हेत, श्वासाच्या तक्रारीनं नुकतेच दाखल झालेले. तत्काळ तपासणी झालेल्यांपैकी ८४ टक्क्यांना अँटिबायोटिक मिळालं, बाकीच्यांत ८३ टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. बऱ्याच जणांना पहिला डोस अहवाल यायच्या आधीच गेला होता. पण तपासणी झालेल्यांत एका डोसवर किंवा दोन दिवसांच्या आत औषध थांबलेले रुग्ण जास्त होते. मला तरी त्या अभ्यासातली खरी बातमी हीच वाटते.

आयसीयूत तर सुरू न करण्याची मुभाच नसते. सेप्सिस, म्हणजे संसर्गानं सगळं शरीर ढासळणं, असेल आणि रक्तदाब कोसळलेला असेल, तर तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं, असा दंडक आहे आणि तो योग्य आहे. शिवाय यंत्र सांगतं 'विषाणू आहे'. माझा प्रश्न असतो 'जिवाणू नाही ना?' हे दोन प्रश्न वेगळे. १९१८च्या साथीत बहुतेक माणसं दगावली ती फ्लूमागून फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंमुळे. नाकात सापडलेला ऱ्हायनोव्हायरस तर दोन आठवड्यांपूर्वीच्या सर्दीचाही असू शकतो. उलट, नाकाचा स्वॅब कोरा आणि फुप्फुसातल्या स्रावात फ्लू, असंही होतं.

पण भीतीलाही माप हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४मध्ये सांगितलं, की कोविडनं दाखल झालेल्यांपैकी जिवाणूसंसर्ग होता ८ टक्क्यांना आणि अँटिबायोटिक मिळालं सुमारे ७५ टक्क्यांना.

मग हा कागद उपयोगी कधी? तिसऱ्या दिवशीच्या राउंडला. तोवर कल्चर आलेलं असतं. ते पहिल्या डोसआधी घेतलं असेल तरच त्याला अर्थ, हं. नंतर घेतलेलं कोरं कल्चर पाहून कुणी हुरळून जाऊ नये. जिवाणूसंसर्गात रक्तात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन उतरतंय का, रक्तदाब टिकवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी होतंय का, एक्स-रे काय म्हणतो, हे सगळं विषाणूच्या अहवालाशेजारी मांडायचं. पण सुरू करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, थांबवणाऱ्याला सगळे विचारतात. एका रुग्णाच्या मुलानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "डॉक्टर, औषध कमी का केलंत? पैशाचं काही असेल तर सांगा."

बारा नंबरचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या सकाळी रक्ताचं आणि नळीतल्या स्रावाचं, दोन्ही कल्चर कोरी. ताप उतरलेला, रक्तदाब औषधाशिवाय टिकलेला. "थांबव," म्हटलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, ड्रग चार्टवर मेरोपेनेमवर आडवी रेघ मारली, शेजारी वेळ घातली आणि विचारलं, "फ्लूचं ओसेल्टामिविर चालू ठेवू ना, सर?"