न चमकणारं भावंड

(दृश्य: अंधारी खोली. सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा. काळ्या पार्श्वभूमीवर विखुरलेल्या हिरव्या पेशी.)

निवेदन:
पडद्यावर उंदराच्या मेंदूचा काप आहे, ३० मायक्रॉन जाडीचा. ज्या पेशी हिरव्या दिसतात, त्यांच्यात आपण ज्याच्या मागावर आहोत ते जनुक चालू झालेलं आहे. आत्ता चालू आहे की काल होतं, हे मात्र नुसत्या हिरव्या रंगावरून सांगता येत नाही. आणि हा रंग खरा आहे का, हे ठरवायला शेजारची दुसरी स्लाइड लागते. ती आहे त्याच आईच्या, त्याच वेतातल्या, पण चमकणारं जनुक न मिळालेल्या भावंडाची.

हिरवा रंग येतो जीएफपी (ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन) या प्रथिनामुळे; त्याचं जनुक आपल्या जनुकाला जोडलेलं असतं. ओसामु शिमोमुरा यांनी ते एक्वोरिया व्हिक्टोरिया नावाच्या जेलीफिशमधून वेगळं केलं, त्याची नोंद १९६२ ची. दुसऱ्या सजीवाच्या पेशीतही ते चमकतं, हे मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्याची चमक वाढवली, नवे रंग घडवले. तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रथिनाची खरी सोय अशी, की चमकायला त्याला वेगळं रसायन घालावं लागत नाही. २३८ अमिनो आम्लांची साखळी नीट दुमडली आणि ऑक्सिजन मिळाला, की चमकणारा गाभा आपोआप तयार होतो.

(दृश्य: नाशिकमधलं एक प्राणिगृह. रांगेत पिंजरे, भिंतीवर तापमापक.)

निवेदन:
मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि हिवाळ्यात शेजारच्या निफाडला तो पाच अंशांखाली उतरतो. पिंजऱ्यांच्या खोलीत मात्र बारा महिने २२ अंश, दोनेक अंश इकडेतिकडे, आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार. वीज गेली तर जनरेटर लगेच सुरू व्हायलाच हवा. खोली तापली किंवा गोंगाट झाला, की माद्या पिल्लं टाकतात, कधी खातातही.

कामाला हात लावण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. जनुक बदललेले उंदीर असल्यामुळे जैवसुरक्षा समितीचीही.

चमकणाऱ्या जनुकाची एकच प्रत असलेला नर आणि साधी मादी यांची जोडी लावली, तर साधारण निम्म्या पिल्लांना ते जनुक मिळतं. गर्भकाळ एकोणीस ते एकवीस दिवसांचा. जन्मानंतर एकविसाव्या दिवशी पिल्लं आईपासून तोडायची, नर-मादी वेगळे करायचे आणि कानाचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. तो ७५ मायक्रोलिटर द्रावणात टाकायचा: २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ०.२ मिलिमोलर ईडीटीए. ९५ अंशांवर अर्धा तास ठेवून, थंड करून, तेवढंच ४० मिलिमोलर ट्रिस घालायचं. यात डीएनए सुटा होतो. त्यातला एक-दोन मायक्रोलिटर पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीला, पुरतो.

(दृश्य: जेलवरचे पट्टे, जवळून.)

निवेदन:
इथे नीट पाहा. पीसीआरने वाढवलेले डीएनएचे तुकडे जेलवर असे पट्ट्यांसारखे दिसतात. वरचा पट्टा प्रत्येक पिल्लात आहे. तो उंदराच्या एका नेहमीच्या जनुकाचा. खालचा पट्टा जीएफपीचा, तो काहींतच आहे. वरचा पट्टा नसता, तर बिघडलेला पीसीआर आणि जीएफपी नसलेलं पिल्लू यांत फरकच करता आला नसता. आणि चमकणारं पिल्लू चुकून 'निगेटिव्ह' म्हणून तुलनेला बसलं, तर पुढचं सगळंच वाया.

जीएफपी बसवायचं कुठे, यावर बरंच अवलंबून असतं. आपल्या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) आणि जीएफपी जोडून तो तुकडा गुणसूत्रात कुठेही घुसू दिला, तर आजूबाजूच्या डीएनएचा त्याच्यावर परिणाम होतो. कधी तो गप्प बसतो, कधी नको त्या ऊतकात चमकतो. मूळ जनुकाच्याच जागी बसवलेला रिपोर्टर (जीएफपीसारखं खूण दाखवणारं जनुक) करायला वेळखाऊ, पण विश्वास ठेवावा तो त्यावरच.

वेळेचा प्रश्न तरी उरतोच. सस्तन प्राण्यांच्या पेशीत जीएफपी मोडून निम्मं व्हायला साधारण एक दिवस लागतो. जनुक सकाळी बंद झालं, तरी पेशी संध्याकाळी हिरवीच. चढउतार टिपायचे असतील, तर विघटनाची शेपटी जोडलेलं, दोन तासांत निम्मं होणारं रूप वापरतात. त्याची चमक अर्थातच फिकी. क्रे-लॉक्स पद्धतीत तर खूण कायमची. क्रे एन्झाइम एकदा आलं, की टीडीटोमॅटो या लाल प्रथिनाच्या जनुकाआधी ठेवलेला डीएनएचा अडसर कापला जातो, आणि ती पेशी व तिच्या सगळ्या लेकी-पेशी लाल रंगात चमकत राहतात. लासलगावहून निघालेल्या कांद्याच्या गोणीवरचा व्यापाऱ्याचा मार्का माल कुठून आला ते सांगतो, आज कुठे आहे ते नाही; हा लाल रंग तसाच वाचायचा.

(दृश्य: क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवलेल्या ऊतकाचे पातळ काप करणारं यंत्र. त्याचं पातं, त्यावर सरकणारा काप.)

निवेदन:
ऊतक काढण्याआधी, खोल भूल दिलेल्या उंदराच्या हृदयातून थंड पीबीएस (क्षारांचं द्रावण) सोडतात. यकृत फिकट झालं म्हणजे रक्त निघालं. मग ऊतक टिकवणारं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. रक्त राहिलं, तर लाल पेशी स्वतःच चमकतात. मग एक रात्र ४ अंशांवर त्याच द्रावणात. जास्त दिवस ठेवलं, की पार्श्वभूमी उजळते. पुढे ३० टक्के साखरेच्या पाण्यात, तुकडा तळाशी बुडेपर्यंत. हे पाणी पुरेसं मुरलं नाही, तर गोठवताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि काप चाळणीसारखा दिसतो.

पावसाळ्यात क्रायोस्टॅटची काच उघडी राहिली, की दमट हवा आत शिरते, पात्यावर हिम धरतं, काप गुंडाळले जातात. खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र हवंच. द्रावणाचा पीएच ७.४ ठेवायचा, कारण आम्लात जीएफपी मंदावतं. मिथेनॉल टाळायचं. मेणातले काप करताना अल्कोहोलमध्येही चमक बरीचशी जाते. तोच मार्ग घ्यायचा असेल, तर जीएफपीविरोधी प्रतिपिंडाने रंगवावं.

(दृश्य: पुन्हा पडदा. दोन स्लाइड शेजारी शेजारी.)

निवेदन:
४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला, की ५०९ च्या आसपास हिरवा परत येतो. पण म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत लिपोफ्युसिनचे, म्हणजे वयानुसार पेशीत साठणाऱ्या रंगद्रव्याचे, कणही चमकतात. ओळखायची युक्ती सोपी: तोच ठिपका लाल चॅनेलमध्येही दिसला, तर तो जीएफपी नव्हे. म्हणून आधी न चमकणाऱ्या भावंडाची स्लाइड लावायची, तिच्यावर काळोख येईल असं एक्सपोजर ठरवायचं आणि मग ते बदलायचं नाही. दोन्ही चित्रांचा उजेड नंतर वेगवेगळा कमीजास्त केला, तर तुलना संपली.

शेवटी त्याच भागाच्या कापात मूळ जनुकाचा आरएनए शोधतात. आरएनए आहे, पण हिरवा नाही: रिपोर्टर गप्प बसलाय, किंवा चमक तयारीत गेली. हिरवा आहे, आरएनए नाही: जनुक बंद झालंय आणि जुनं प्रथिन उरलंय, किंवा रिपोर्टर चुकीच्या जागी बसलाय. यातलं काय, ते वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांचे काप शेजारी ठेवले की कळू लागतं, आणि प्रत्येक वयासाठी त्याच वेतातलं न चमकणारं भावंडही काढून ठेवावं लागतं.