माळावरचा ट्रक, ट्रॅकवरचा ट्रक

[दृश्य: मातीच्या उंचवट्यावरून उडालेला छोटा ट्रक, संथ गतीत. मागची चाकं गरगर फिरताहेत.]

हवेत असलेल्या गाडीला ब्रेक लावून काय उपयोग? खाली जमीनच नाही. पण नीट बघा. ट्रकचं नाक जरा जास्तच वर गेलंय. चालकानं हातातल्या रिमोटचा ट्रिगर पुढे ढकलला, ब्रेक लागला, आणि नाक खाली आलं. आता पुढची उडी. या वेळी नाक खाली चाललंय. त्यानं तोच ट्रिगर मागे ओढून थ्रॉटल, म्हणजे वेग, दिला, नाक वर. चाकांच्या फिरण्यातला जोर चाकं थांबली म्हणून नाहीसा होत नाही. तो ट्रकच्या अंगात उतरतो आणि अख्खा ट्रक त्याच दिशेला कलतो. चाकं आणखी वेगानं फिरवली, तर ट्रक उलट दिशेला कलतो. एवढा सगळा हिशोब एका बोटावर चालतो, आणि तोही ट्रक हवेत आहे तेवढ्याच वेळात.

[दृश्य: ट्रक टेबलावर, बॉडी काढलेली.]

हा ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश, रिमोटवर चालणारा, म्हणजे आरसी (रेडिओ कंट्रोल) ट्रक. २००८ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या या कंपनीनं तो बाजारात आणला. आकार खऱ्या ट्रकच्या एक दशांश. नक्कल कशाची, तर बंदिस्त मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या पिकअप ट्रकची. विस्कॉन्सिनमधलं क्रँडन असो की दक्षिण कॅलिफोर्नियातले ट्रॅक, तिथे हे धूड एकमेकांना खेटून, उड्या मारत पळतात. त्याआधी आरसीच्या मातीतल्या शर्यती म्हणजे मुख्यतः बग्गी नावाच्या हलक्या गाड्यांचं राज्य. टीम असोसिएटेड या कंपनीची आरसी-१० ही बग्गी १९८४ पासूनची. पण बग्गीची चाकं उघडी असतात. दोन गाड्या घासल्या की चाकात चाक अडकतं आणि दोघांचीही शर्यत आटोपते. स्लॅशची चाकं बॉडीच्या आत, पुढे-मागे बंपर. धक्का लागला तरी गाडी पुढे जाते. शिवाय डबा उघडला, बॅटरी लावली, की ट्रक तयार. क्लबांनी या ट्रकसाठी वेगळा वर्ग सुरू केला आणि पुढच्याच वर्षी टीम असोसिएटेडनं आपला तसाच ट्रक, एससी-१०, आणला.

दुसरीकडे, ज्यांना ट्रॅकशी काहीच देणंघेणं नव्हतं अशांनीही हाच ट्रक उचलला आणि खाणीतल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर, स्केट पार्कमध्ये, घरामागच्या उतारावर पळवला. याला म्हणतात बॅशिंग. फेऱ्या नाहीत, घड्याळ नाही. बॅटरी संपेपर्यंत उडवायचा, पाडायचा, सरळ करायचा, परत उडवायचा.

ट्रक दोन्ही करतो. पण एकाच जुळणीत दोन्ही करत नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

[दृश्य: चार वेगवेगळे टायर शेजारी शेजारी.]

नवा माणूस आधी मोटर बदलतो. माझं म्हणणं, आधी टायर बघा. ट्रक आणि जमीन यांची गाठ पडते ती या चार ठिकाणी. इथे पकड नसेल, तर मोटरचा सगळा जोर माती उकरण्यात जातो. दाबून बसवलेल्या, ओलसर चिकणमातीच्या ट्रॅकवर बारीक, बसक्या नक्षीचे मऊ टायर लागतात. वर भुसभुशीत थर असेल तर छोट्या काट्यांचे. बॅशिंगला मोठ्या, जाड ठोकळ्यांचे, कडक रबराचे. कारण डांबरावर आणि खडीवर मऊ रबर बघता बघता झिजतं.

टायरच्या आत फोम असतो, हवा भरलेली नसते. रिमला किंवा टायरला बारीक भोकं असतात, त्यातून आतली हवा ये-जा करते. पाण्यातून गाडी नेली की त्याच भोकांतून पाणी आत शिरतं, फोम स्पंजसारखा फुगून जड होतो आणि चाक थडथडायला लागतं. म्हणून चिखलात खेळणारे टायरच्या मध्यावर भोकं पाडतात. चाक फिरलं की पाणी आपोआप बाहेर फेकलं जातं. टायर रिमला सायनोॲक्रिलेट गोंदानं (सुपरग्लूनं) चिकटवलेला हवा. तो एका जागी जरी सुटला, तरी पुढच्या वळणावर रिम एकीकडे आणि टायर दुसरीकडे. भरधाव वेगात टायर मधोमध फुगतो आणि चाकासारखा न राहता थाळीसारखा उभट होतो. त्यावर उपाय म्हणून आतून पट्टा असलेले टायर मिळतात.

[दृश्य: शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) उघडलेला, तेलातून बुडबुडे वर येताहेत.]

आता शॉक. या व्हिडिओत कुठे थांबायचं असेल तर इथे. नळीत सिलिकॉन तेल, तेलात भोकं असलेला पिस्टन, बाहेर स्प्रिंग. पिस्टन हलला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते, आणि धक्का तिथेच जिरतो. तेल भरल्यावर पिस्टन हळूहळू वर-खाली करायचा आणि बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं. घाई केली, आत हवा राहिली, तर चारही शॉक चार तऱ्हेनं वागतात. मग स्प्रिंग बदला, तेल बदला, काहीच कळत नाही.

तेल किती जाड? ट्रक हातात आडवा धरा आणि फूटभर उंचीवरून सोडा. चॅसिसचं पोट जमिनीला जेमतेम टेकलं, ट्रक चेंडूसारखा उसळला नाही, तर बरोबर. पोट धाडकन आपटलं तर तेल पातळ आहे किंवा स्प्रिंग मऊ आहे. बॅशिंगला मोठ्या उड्या घ्यायच्या म्हणून जाड तेल आणि ताठ स्प्रिंग. ट्रॅकवर बारीक खाचखळगे असतील तर तेच जाड तेल नडतं. चाक खड्ड्यात उतरायच्या आत पुढचा उंचवटा येतो, आणि ट्रक जमिनीवर धावण्याऐवजी वरच्यावर टपटपत जातो. उन्हानं तेल पातळ होतं, हेही विसरायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी माळावर गाडी काढणाऱ्यानं थंडीत भरलेल्या तेलावर भरवसा ठेवू नये.

जमिनीपासूनची उंचीही इथेच ठरते. बॅटरी लावून ट्रक पाच-सहा इंचांवरून सोडा, स्थिर होऊ द्या, मग मोजा. शर्यतीसाठी चाकाला धरणारे आर्म साधारण जमिनीला समांतर राहतील इतका खाली. दगडधोंड्यांत खेळायचं असेल तर वर. पण फक्त मागच्या चाकांना मोटरचा जोर मिळणारा हा ट्रक मुळात उंच अंगाचा. त्याला उंच ठेवून, मऊ टायर लावून, घट्ट पकडीच्या ट्रॅकवर वळवला की टायर जमीन सोडत नाही आणि वरचं अंग थांबत नाही. परिणाम: कोलांटी. अशा ट्रॅकवर काही जण पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला तोच गोंद फासतात. कडा कडक होते, थोडी घसरते, आणि ट्रक चारही चाकांवर राहतो. पकड कमी करून वेग वाढतो तो असा.

उलट धुळीच्या ट्रॅकवर मागचं अंग घसरत असेल, तर मागची स्प्रिंग मऊ करून बघा. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ट्रक सुधारला, तर श्रेय कुणाला देणार?

[दृश्य: मोडलेला प्लॅस्टिकचा आर्म, शेजारी निळ्या ॲल्युमिनियमचा.]

बॅश करणाऱ्याला पडणारा प्रश्न वेगळा. काहीतरी मोडणारच आहे. काय मोडावं? प्लॅस्टिकचा आर्म दगडावर आपटला की वाकतो, परत जागेवर येतो, फारच झालं तर तुटतो. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा चकचकीत आर्म लावला की तो तुटत नाही. वाकतो, आणि वाकलेलाच राहतो. किंवा धक्का मागे सरकवतो आणि तो जिथे बसवलाय ती चॅसिसची जागा फाडतो. स्वस्त भाग वाचवला, महागडा गेला. त्यामुळे रंगीत धातूचे आर्म फोटोसाठी छान, बाकी लवचिक नायलॉनच बरा. अपवाद शॉकच्या टोपीचा. प्लॅस्टिकची टोपी जोरदार आपटीत निसटते आणि सगळं तेल मातीत जातं. तिथे ॲल्युमिनियमला पैसे टाकावेत. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब, प्लॅस्टिकात जाणाऱ्याला नको. पारदर्शक लेक्सनची (पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची) बॉडी नवी असतानाच आतून जाळीची टेप आणि बूट चिकटवायचा लवचिक गोंद लावून ठेवा. भेग पडल्यावर लावला तरी चालतो, पण मग ते ठिगळच.

बॉडीवरून आठवलं. या ट्रकची बॉडी मोठी आणि मागून पोकळ. लांब उडीत हवा आत शिरते, बॉडी पॅराशूटसारखी भरते आणि ट्रक हवेतच अडतो, कलंडतो. शर्यतवाले मागच्या बाजूला सरळ भोकं कापतात. दिसायला ओबडधोबड, पण काम होतं.

[दृश्य: पिनियन आणि स्पर गिअर, मध्ये कागदाची पट्टी.]

मोटरवरचा छोटा दातेरी गिअर म्हणजे पिनियन, समोरचा मोठा तो स्पर. दोघांच्या मध्ये कागदाची पट्टी घालून ते एकमेकांना भिडवायचे, मोटर आवळायची, पट्टी फिरवून काढायची. तेवढीच फट हवी. ८६ दातांचा स्पर आणि १९ दातांचा पिनियन घेतला, तर ८६ भागिले १९, गुणिले गिअरबॉक्सच्या आतलं गुणोत्तर २.७२, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे सुमारे सव्वाबारा फेरे. पिनियन मोठा केला की वेग वाढतो, आणि मोटर तापते. उंच गवतात तर जास्तच. चार-पाच मिनिटं पळवून इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा. मोटर ८० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर पिनियनचे एक-दोन दात कमी करा. स्परला लागून असलेला स्लिपर क्लच थोडा निसटता ठेवायचा, म्हणजे उडीवरून उतरतानाचा हिसका गिअरच्या दातांवर येत नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. लायपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, ३.२ च्या खाली न्यायचा नाही, ठेवून द्यायचा तर ३.८ वर. व्होल्टेज घसरलं की मोटरचा जोर तोडणारी वेग नियंत्रकातली सोय लायपोसाठी चालू केलीय ना, हे पहिल्यांदाच तपासा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही. ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणारी, मोटर ७.४ व्होल्टवर बिनभार मिनिटाला सुमारे २६,००० फेरे घेते, ११.१ व्होल्टवर जवळपास ३९,०००. माळावर ते मजेचं. पण छोट्या ट्रॅकवर त्यातला निम्मा वेग भिंतीवर खर्च होतो.

[दृश्य: शर्यत. चालक उंच मंचावर ओळीनं उभे.]

पाच मिनिटांच्या पात्रता फेऱ्या, मग अंतिम. प्रत्येक ट्रकमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे त्या ट्रकची ओळख कळवणारं छोटं यंत्र, आणि ट्रॅकखाली तार. ट्रॅकच्या प्रत्येक चकरेची वेळ आपोआप नोंदली जाते. मंचावरून हे सगळं चालवणं म्हणजे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं, कारण ट्रक तुमच्याकडे तोंड करून आला की डावं-उजवं उलटं होतं. इथे जिंकतो तो बहुधा सगळ्यात वेगवान ट्रक नसतो. कमी वेळा उलटलेला असतो. म्हणून रिमोटवर ब्रेकचा जोर कमी करा, स्टिअरिंग थोडं कमी करा. सरळ पट्ट्यावर अर्धा सेकंद गेला तरी चालेल. उलटलेला ट्रक कुणीतरी येऊन सरळ करेपर्यंत त्याच्या कितीतरी पट जातो.

तो सरळ करणारा कोण? आधीच्या फेरीत धावलेलाच. आपली फेरी संपली की ट्रक बाजूला ठेवायचा आणि नेमून दिलेल्या वळणावर जाऊन दुसऱ्यांचे पडलेले ट्रक उचलायचे. मार्शलिंग चुकवून चहाला जाणाऱ्याची सर्वांत चांगली फेरी अनेक क्लब निकालातून सरळ कापून टाकतात.