पाय लावू नका, गाडी उचला

नमस्कार, श्रोतेहो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. वाटेत बंद पडलेल्या गाड्या टेम्पोत घालून आणायचं कामही मी करतो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या आषाढात संध्याकाळी सातच्या सुमाराला एक फोन आला. आवाज कॉलेजच्या पोराचा. "दादा, गगनबावड्याहून येतोय. साळवण सोडलं आणि गाडी बंद पडलीया. मागं आई हाय."

मी विचारलं, "इंजिन चालू होतंय का?"

"होतंय की. रेस दिली की आवाज येतोय, पण गाडी जागची हालत न्हाई."

स्कूटरचं असं झालं की बहुतेक वेळा बेल्ट तुटलेला असतो. त्याला म्हटलं, "आहे तिथंच थांब, मी निघालो." पाऊस मुसळधार. गगनबावड्याचा पाऊस आपल्याला माहीत आहेच. कळ्याच्या अलीकडंच मला ती माणसं रस्त्याकडेला बसलेली दिसली. पोराचं कोपर सोललेलं, आईचा गुडघा सुजलेला. शेजारी आणखी एक तरुण मान खाली घालून उभा.

झालं होतं असं. त्या तरुणानं यांना अडकलेलं बघितलं, गाडी थांबवली आणि म्हणाला, "बसा, मी पाय लावतो." स्वतःच्या मोटारसायकलवर बसून स्कूटरला पाय टेकवायचा आणि ढकलत न्यायचं. आपल्याकडं हे रोज दिसतं. तसं त्यानं कित्येक किलोमीटर आणलं, भर पावसात, ओळख ना पाळख. मग एका स्पीडब्रेकरवर ओला बूट सटकला आणि दोन्ही गाड्या आडव्या झाल्या.

तो मला म्हणाला, "दादा, मी मदतच करत होतो."

खरंच करत होता. असा माणूस थांबतो म्हणून तर आपल्या जिल्ह्यात रात्री-अपरात्री प्रवास करायला धीर येतो. चुकली ती रीत. पाय लावणाऱ्याचा तोल एका बाजूला जातो आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर तो पाय कुठं जाईल सांगता येत नाही. त्यात तुटलेल्या बेल्टचा तुकडा आत अडकला तर मागचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. आणि इंजिनच बंद असेल तर बऱ्याच गाड्यांचा हेडलाईटही लागत नाही.

दोरीचं टोचन तर त्याहून वाईट. चारचाकीला दोरी चालते, कारण ती आपल्या पायावर उभी असते. दुचाकीच्या हँडलला दोरी बांधली की ओढ हँडलवर येते. पुढच्यानं वेग कमी केला की दोरी सैल पडते आणि चाकात जाते. कृपा करून हे करू नका, अर्धा किलोमीटरसुद्धा नाही.

गाडी उचलायचीच. आम्ही टेम्पोला फळी लावतो, दोघं गाडी वर चढवतात, एक जण मागून धरतो. पुढचं चाक हौद्याच्या भिंतीला टेकवायचं. मग दोन्ही बाजूंनी पट्टे आवळायचे, पुढचे शॉकॲब्सॉर्बर निम्मे दबेपर्यंत. ते दबले की गाडी खड्ड्यात उसळत नाही. साईड स्टँडवर उभी करून नुसती दोरी गुंडाळलेली गाडी पहिल्याच वळणावर आडवी होते. हँडल वाकतं, टाकीला पोचा पडतो, आणि मग मालक म्हणतो, बिघाड परवडला. इलेक्ट्रिक स्कूटर तर उचलूनच न्यावी. बऱ्याच गाड्यांची मोटर मागच्या चाकातच असते, चाक फिरलं की तीही फिरते.

मग त्या तरुणानं काय करायचं होतं? आपल्या गाडीचा लाईट चालू ठेवून त्यांच्या मागं थांबायचं होतं. गाडी वळणावर असेल तर हातानं ढकलून सरळ रस्त्यावर, डांबराच्या खाली घ्यायची. मागं तीस-चाळीस पावलांवर झाडाची फांदी ठेवायची. दगड नकोत. लोक दगड ठेवतात आणि जाताना तसेच सोडतात, मग रात्री दुसरा कोणी त्यावर आपटतो. फोनवर ठिकाण सांगताना मागचं गाव आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. "घाटात आहे" एवढ्यावरून आम्हाला सापडत नाही. पुणे-बेंगळुरू हायवेवर असाल तर हायवेचा मदतीचा नंबर 1033 लावा. कुणाला लागलं असेल तर आधी 108 किंवा 112, गाडीचं नंतर.

एक काम आज घरीच करा. गाडीची विमा पॉलिसी काढून त्यात रोडसाईड असिस्टन्स, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मिळणारी मदत, घेतलंय का बघा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर बहुतेक नसतंच. असेल तर किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतात ते वाचा आणि तो नंबर फोनमध्ये साठवा, कागदावरही लिहून डिकीत ठेवा. घाटात रेंज गेली तर येणाऱ्या एखाद्याच्या हाती तो कागद पुढच्या गावापर्यंत पाठवता येतो.

आणि पुराचं सांगतो. 2019 आणि 2021 ला माझ्याकडं आलेल्या कितीतरी गाड्या पाण्यानं बिघडल्या नव्हत्या, पाणी ओसरल्यावर स्टार्टर मारल्यानं बिघडल्या होत्या. सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीला किक नको, स्टार्टर नको, इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंग नको. तशीच गॅरेजला आणा. आम्ही प्लग काढून पाणी बाहेर काढतो. ऑईल चहासारखं दुधाळ झालं असेल तर तेही बदलतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की नदीकाठच्या गल्ल्यांतल्या मंडळींनी गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडं नेऊन लावावी, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये. त्या वेळी टेम्पोसुद्धा तुमच्या गल्लीत पोचू शकत नाही.