गाडी हीट का मारते? इंजिनाच्या कूलिंग यंत्रणेचे निदान

मित्रहो, गाडी गरम होण्याइतकी घाईने हाताळली जाणारी तक्रार गॅरेजमध्ये दुसरी क्वचितच असेल. गाडी आत आली की कोणी रेडिएटर उतरवतो, कोणी वॉटर पंप बदलतो, आणि बऱ्याच ठिकाणी पहिली कुऱ्हाड थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेवर, पडते. तो काढून टाकतात आणि रिकामे हाउसिंग तसेच परत बसवतात. माझा आग्रह असा आहे की पाना हातात घेण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा तापते हे चालवणाऱ्याला खोदून विचारावे.

गाडी मोकळ्या रस्त्यावर शांत धावते आणि सिग्नलला उभी राहिली की काटा वर चढतो, असे उत्तर आले तर संशय पंख्यावर घ्यावा, कारण वेगात समोरून येणारा वारा पंख्याचे काम करून टाकतो. बहुतेक गाड्यांत एसी चालू करताच पंखा फिरायला लागतो. तो फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले पाहावा आणि शेवटी मोटरला बॅटरीवरून थेट वायर देऊन पाहावी. थेट वायरीवर पंखा फिरला तर मोटर ठीक आहे आणि दोष रिले, सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे. याच लक्षणाचे दुसरे कारण म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला चिखल व किडे. समोरून पाहिल्यास जाळी स्वच्छ दिसते, त्यामुळे ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

याउलट गाडी गावात व्यवस्थित चालते पण पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना तापते, असे असेल तर प्रश्न बहुधा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, प्रवाहाचा आहे. भार जास्त, गिअर खालचा आणि वाऱ्याचा वेग कमी अशा वेळी रेडिएटरची संपूर्ण क्षमता लागते. त्यातील काही नळ्या आतून बुजलेल्या असतील तर त्या इथे उघड्या पडतात. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून सावकाश फिरवला तर बुजलेला पट्टा आजूबाजूपेक्षा स्पष्ट थंड लागतो. बुजण्यामागे पुष्कळदा बोअरचे पाणी असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जिथे उष्णता सर्वाधिक तिथे, म्हणजे सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या) आतल्या भिंतींवर, आधी थर धरतात. त्यामुळे रेडिएटर नवा टाकला तरी हेडमधली उष्णता कूलंटपर्यंत पुरेशी पोहोचत नाही.

घाटावर आणखी एक गोष्ट घडते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंश सेल्सिअसलाच उकळते. रेडिएटरचे झाकण आत वातावरणापेक्षा सुमारे १ बार जास्त दाब धरून ठेवते, म्हणून साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणातली स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर फाटले की हे संरक्षण जाते, आणि कमी दाबावर उकळलेले कूलंट टाकीतून बाहेर पडते. झाकण स्वस्त असते, म्हणूनच ते तपासायचे राहून जाते. प्रेशर टेस्टरवर ते लावून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

आता थर्मोस्टॅटविषयी थोडे सविस्तर बोलतो. त्यातले मेण साधारण ८२ ते ८८ अंशांवर फुगून झडप उघडते. संशय असेल तर तो दोऱ्याला बांधून, भांड्याच्या तळाला टेकणार नाही असा पाण्यात सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवत न्यावे; त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास झडप हलली पाहिजे आणि पुढच्या १० ते १५ अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. नाही उघडली तर नवा बसवावा, पण जागा रिकामी सोडू नये. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते आणि इंजिन तापल्यावर ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ती वाट कायम उघडी राहते, कूलंटचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून इंजिनात परततो, आणि ज्या आजारावर हा उपाय केला तोच बळावतो. ज्या इंजिनांत बायपास नाही तिथे इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते.

बाहेर कुठेही गळती नाही, तरी टाकीतली कूलंटची पातळी दर आठवड्याला उतरते, आणि सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होतो, तेव्हा हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा, विचार करावा. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे का हे ब्लॉक टेस्टरने कळते. वायू असल्यास त्यातला निळा द्रव पिवळा पडतो. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर एवढा एकच पुरावा धरून मात्र हेड उतरवू नये, कारण थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो दिसतो. हेड उतरवलेच तर त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) वाक मोजणे अनिवार्य आहे. ॲल्युमिनियमचे हेड एकदा जबर तापले की वाकते, आणि अनेक इंजिनांची मर्यादा ०.०५ मिलिमीटर इतकी बारीक असते. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही.

दुरुस्ती झाल्यावर भरणेही काळजीने करावे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे, तयार मिश्रण म्हणूनच मिळणाऱ्या कूलंटमध्ये पाणी घालू नये, आणि रंग सारखा दिसतो म्हणून दोन कूलंट एकत्र करू नयेत, कारण रंगावरून त्यातली रसायने कळत नाहीत. हीटर पूर्ण गरम ठेवून, ब्लीड स्क्रू असल्यास तो सैल करून हवा काढावी आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ते ठेवावे आणि वापरलेले ऑइल नेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे त्याची चौकशी करावी.