दुर्बिणीतून अन्ननलिका

पडद्यावर दिसतेय ती उजव्या बाजूची छाती, आतून. रुग्णाला पालथं झोपवलंय. कार्बन डायऑक्साइड सोडून फुफ्फुस आकसवलंय, ते आपसूक खाली उतरलंय आणि मणक्यालगतची अन्ननलिका समोर आलीय. अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी पालथं झोपवून दुर्बिणीतून केलेल्या अशा १३० शस्त्रक्रियांचा अनुभव कोइम्बतूरचे सर्जन डॉ. सी. पलानिवेलू यांनी २००६ साली जगापुढे मांडला. आपल्या देशातलं हे काम आपल्याच लोकांना ठाऊक असायला हवं.

ऑपरेशन थिएटर छत्रपती संभाजीनगरचं, रुग्ण काका परभणीकडचे. आधी भाकरी अडकायची, मग दुधात कुस्करून, मग नुसती पेज. घरचे म्हणाले, पित्त असेल. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ सापडली, तरी ‘छाती फाडतील’ या धास्तीनं आणखी दिवस गेले. मराठवाड्यात तंबाखू घराघरात आहे, आणि ही धास्तीही.

आता छातीवर बघा. बोट जेमतेम जाईल एवढी भोकं.

ही निळसर, कमानीसारखी शीर ॲझायगस. दोन्हीकडून क्लिप लावून ती मधोमध कापली, की वरचा रस्ता मोकळा. पुढे सर्जनचा हात एकदम मंदावतो. दोऱ्याएवढी ती पांढरी नस स्वरयंत्राकडे जाते, तिला धक्का लागला तर आवाज बसतो. आणि काढायच्या लसिका गाठी नेमक्या तिलाच बिलगून असतात. उघड्या शस्त्रक्रियेत इतक्या खोलवर नजर पोचणं अवघड; इथे सगळं कितीतरी मोठं दिसतं.

मग रुग्ण उताणा. पोटातूनही दुर्बीणच. स्टेपलर फिरतो आणि अन्ननलिकेच्या जागी बसवायला जठराची लांबट नळी तयार होते. तिच्या कडेची रक्तवाहिनी जिवापाड जपायची, कारण नळी तिच्यावरच जगणार. नळी छातीतून वर ओढून मानेत डाव्या बाजूला अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला जोडतात.

जोड गळू शकतो, जेवण पुढे थोडं थोडंच जातं. पण युरोपातल्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचा संसर्ग उघड्या शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के रुग्णांना झाला, दुर्बिणीनंतर ९ टक्के.

ट्रेमध्ये काढलेली अन्ननलिका. शेजारी लसिका गाठींच्या बाटल्या, प्रत्येकीवर जागेचं नाव. त्या पॅथॉलॉजीत जातील. पुढचे उपचार त्या अहवालावर ठरतील.