आधी पाणी, मग पत्रा, सीट शेवटी

मंडळी, जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये डोकावलं की नजर जाते फाटलेल्या सीटवर. पण सीट हे शेवटचं काम. पहिलं काम, पाणी कुठून शिरतं ते शोधणं. पत्रा खाली सडतो, पण पाणी बहुधा वरून आलेलं असतं: समोरच्या काचेचं कडक झालेलं रबर, काचेखालच्या वायुझरोक्याचं सील, दारांच्या तळाशी मातीनं बुजलेली छिद्रं. चटई आणि तिच्याखालचं तागाचं अस्तर काढून टाका. ते भिजलं की महिनोन्‌महिने वाळत नाही. मग एकानं बाहेरून हलक्या धारेनं पाणी सोडावं आणि दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसावं. धार खालून वर न्या. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि मूळ जागा सापडत नाही.

वेल्डिंगआधी बॅटरी काढा. १९६०च्या दशकातल्या फोर्ड एफ-१०० सारख्या गाड्यांत इंधनाची टाकी सीटमागे, केबिनमध्येच असते. तीही बाहेर काढून दूर ठेवा. रिकामी आहे म्हणून सोडू नका, आत उरलेली वाफ पेट घेते.

सडलेला तळ एकदम कापू नका. दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा तिरपा आधार टाका, नाहीतर केबिन वाकते आणि दार बसेनासं होतं. दारं जागेवर ठेवून फटी तपासत राहा. गंजाच्या कडेपासून दोनेक सेंटिमीटर चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. नवा पत्रा बसवताना वेल्डचे छोटे टाके जागा बदलत, लांब लांब मारा. एका ओळीत वेल्ड ओढला की उष्णतेनं पत्रा लाटांसारखा फुगतो. त्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांत सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप. हा क्रम उलटा केला तर सीलरखाली गंज पुन्हा धरतो.

आता वायरिंग. कापडी वेष्टनाच्या वायरींतलं रबर हात लावताच भुगा होतं, तेव्हा जोड देत बसू नका, पूर्ण वायरिंग बदला. गाडी सहा व्होल्टची असेल तर जाड तार हवी: ६० वॉटला बारा व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, सहावर १०. रंगकामानंतर मीटर आणि दिवे बंद पडले, तर बहुतेकदा नव्या रंगानं अर्थिंग, म्हणजे पत्र्यातून बॅटरीकडे परतणारा विजेचा मार्ग, तोडलेलं असतं. स्क्रूखालचा रंग खरवडा.

आवाज कमी करायला ब्यूटाइलचे (चिकट रबरी पट्टीचे) तुकडे सपाट पत्र्याच्या मधोमध लावले तरी पुरे, सगळा तळ मढवायची गरज नाही. घराच्या छताला लावायची डांबरी पट्टी मात्र नको. उन्हात तिचा वास केबिनभर राहतो.

मग सीट. जुनं कव्हर उसवून जपून ठेवा, मापं त्यावरूनच निघतात. तुटलेल्या स्प्रिंगा बांधल्यावर वर गोणपाट घाला, नाहीतर तारा फोम कापतात. रेक्झिन उन्हात तापवून मऊ करा आणि हॉग रिंगा, म्हणजे कव्हर सांगाड्याला अडकवणाऱ्या तारेच्या कड्या, मध्यापासून कडेकडे लावत जा. एका टोकापासून सुरू केलं तर सगळ्या सुरकुत्या दुसऱ्या कोपऱ्यात गोळा होतात, आणि मग त्या रिंगा काढून पुन्हा लावण्यावाचून इलाज नसतो.