निनावी, बेनामी, अनामिक आणि जिंतूरवाली

[पडदा काळा. फक्त आवाज.]

मागं एकदा आमच्या गावातून तालुक्याला एक अर्ज गेला. खाली सही नाही, नाव नाही, नुसतं "एक जागरूक नागरिक". आणि अर्ज गेला त्याच दिवशी संध्याकाळी पारावर सगळ्यांना माहीत होतं कुणी लिहिलाय ते, कारण अख्ख्या गावात हिरव्या शाईनं लिहिणारा माणूस एकच, आणि शेवटी "कळावे लोभ असावा" हे तक्रारीत पण लिहिणारा तोच. तर ह्याला म्हणायचं निनावी अर्ज. नाव सोडून बाकी सगळा माणूस त्यात असतो.

[पार, टपरी, सकाळ.]

नमस्कार मंडळी. नाव नसणं ह्याला मराठीत काय म्हणतात, एवढ्यावर हा व्हिडिओ करायचा ठरला होता. म्हणलं दहा मिनिटाचं काम आहे. पण बसलो शोधायला तर एक शब्द काही पुरेना, पाच-सहा निघाले, आणि सगळ्यांच्या वाटण्या झालेल्या, ह्याचं काम तो करत नाही.

निनावी बघा. नि, नाव, आणि वर एक ई. साधा घरचा शब्द. हा अर्ज, पत्र, फोन, तक्रार ह्यांच्यासोबतच फिरतो. म्हणजे नाव आहे, मालकानं मुद्दाम खिशात ठेवलंय. सरकारला हा प्रकार इतका डोक्याला झाला की केंद्रीय दक्षता आयोगानं १९९९ मध्ये सांगूनच टाकलं, निनावी तक्रारींवर कारवाई करू नका. आमच्या हिरव्या शाईवाल्यापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

मग बेनामी. ह्याचा तर उलटाच खेळ आहे, कारण बेनामी जमिनीला नाव असतंच की! सातबाऱ्यावर ठळक असतं, फक्त ते मेव्हण्याचं असतं नाहीतर ड्रायव्हरचं असतं, आणि पैसा तिसऱ्याचा. बेनामीविरुद्धचा कायदा १९८८ चा, पण बरीच वर्षं तो कपाटातच पडून होता म्हणा, २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली, आता सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

हा शब्द फारशी. आमच्या मराठवाड्याला फारशी शब्दांचं नवल नाही, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात, दरबारची भाषा आधी फारशी मग उर्दू, त्यामुळं गुमनाम, बेवारस, फलाना असले शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात सहज बसतात. पण गंमत अशी की बेनामीतला "बे" तिकडचा आणि "नाम" आपला असं आपल्याला वाटतं, ते तसं नाहीये, "नाम" फारशीत पण तोच आहे. संस्कृतातलं नामन्, फारशीतलं नाम, इंग्रजीतलं नेम, ग्रीकमधलं ओनोमा, सगळी एका घरची लेकरं. आणि "नाही" सांगणारा आपला अ किंवा अन्, तो ग्रीकमध्येही अन् म्हणूनच आहे. म्हणजे आपला अनाम आणि साहेबाचा ॲनॉनिमस हे हजारो वर्षांपूर्वी वाटणी होऊन पांगलेले चुलतभाऊ.

एक भोंदू पाहुणा पण आहे ह्या लग्नात, अनामत. निवडणुकीत अनामत जप्त होते ती. दिसायला अगदी अ अधिक नाम, पण काही संबंध नाही. मूळ अरबी अमानत, म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू, आपल्या तोंडात येताना म आणि न नी जागा बदलल्या. जसं आमच्याकडं चाकूचं काचू होतं, तसंच.

[हाताचा क्लोजअप. करंगळीशेजारचं बोट.]

आता हे बोट बघा. अंगठा, तर्जनी, मधलं, करंगळी, सगळ्यांना धड नावं, आणि ह्याचं नाव काय तर अनामिका, म्हणजे बिननावाची. ह्याच्यावर एक संस्कृत सुभाषित आहे, लई हुशार आहे ते. पूर्वी कवींची मोजणी निघाली, करंगळीवर पहिला कालिदास धरला, पुढच्या बोटावर त्याच्या तोडीचा दुसरा कुणी सापडलाच नाही, म्हणून ते बोट बिननावाचं राहिलं आणि अनामिका हे नाव सार्थ झालं. आणि कालिदासाला पहिला नंबर देणाऱ्या ह्या श्लोकाखाली, बरोबर ओळखलंत, कवीचं नाव नाही.

पण सुभाषित आपलं कौतुकापुरतं, कारण हे बोट एकट्या भारतात बिननावाचं नाहीये. चिनी भाषेत त्याला बिननावाचं बोट म्हणतात, रशियनमध्ये पण, फिनलंडच्या भाषेत पण. तिथं कुठं आला कालिदास? अभ्यासक म्हणतात ह्या बोटात जादू आहे असा लोकांचा समज होता, आणि ज्याच्यात ताकद त्याचं नाव घ्यायचं नाही. हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. रात्री घरात साप निघाला तर आमच्याकडं कुणी साप म्हणत नाही, जनावर म्हणायचं, लांबडं म्हणायचं. चावला तरी "चावला" म्हणत नाहीत, "पान लागलं" म्हणतात. देवी आल्या, असं ज्या रोगाला म्हणायचे त्याचं खरं नाव तरी कुणी घ्यायचं का. नाव घेतलं की ते येतं. तर हे बिननावाचं असणं गरिबीचं नाही, दराऱ्याचं आहे.

अनामिक हा ह्याच घरातला पण आता त्याला माणसाशी काही देणंघेणं राहिलं नाही. अनामिक भीती, अनामिक ओढ, अनामिक हुरहूर. कवितेत गेला तो परत आलाच नाही.

आणि बेवारस, अनोळखी, अज्ञात हे तिघं पोलीस स्टेशनला. अनोळखी मृतदेह, बेवारस मोटारसायकल, अज्ञात वाहनाची धडक. ह्यांच्यातही फरक आहे बरं, अनोळखीचं नाव आपल्याला माहीत नाही, बेवारसचं नाव सांगायला कुणी पुढं येत नाही, आणि अज्ञात पळून गेलेला असतो.

[वेरूळ. कैलास लेणं, वरच्या कड्यावरून.]

इथपर्यंत सगळं जुळत होतं. मग आम्ही वेरूळला आलो आणि गाडी अडकली.

हे सोळा नंबरचं लेणं, कैलास. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळातलं. वरून खाली डोंगर कोरत आणलाय, जोडकाम नाही, एक घाव चुकला तर परत लावायला दगड नाही. राजाचं नाव आपल्याला माहीत आहे. कसं माहीत, तर बडोद्याला सापडलेल्या एका ताम्रपटावरून, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा, कर्क राजाचा. त्यात ह्या देवळाचं वर्णन आहे की विमानातून जाणारे देवसुद्धा बघून चकित होतात, आणि त्याच्यापुढं एक जागा आहे ती मला वाचल्यापासून सोडत नाही. तो म्हणतो, ज्यानं हे बांधलं तो कारागीरसुद्धा आश्चर्यानं म्हणाला, अरे, हे मी केलं तरी कसं!

बघा म्हणजे. त्या माणसाचं नवल लिहिलं. तो काय बोलला ते तांब्यावर कोरून ठेवलं, बाराशे वर्षं टिकलं. नाव नाही लिहिलं.

तो निनावी आहे का? नाही, त्यानं काही लपवलं नव्हतं. बेनामी नाही, गुमनाम म्हणावं तर गुम व्हायला आधी नाव नोंदलेलं पाहिजे. अज्ञात म्हणजे पळून गेलेल्या ट्रकसारखं वाटतं. माझ्या लिस्टमधला एकही शब्द त्याला बसेना. नाव होतं, आईनं बारशाला ठेवलेलं असणार, रोज कुणीतरी हाक मारत असणार, फक्त लिहिणाऱ्याला ते विचारावंसं वाटलं नाही. ह्याला मराठीत शब्द नाही. मला तरी सापडला नाही.

लोकांना मात्र ते खटकलं असणार. कारण पुढं कित्येक शतकांनी कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरू ह्या जुन्या मराठी ग्रंथात एक गोष्ट येते, राणी माणकावतीनं नवस केला की देवळाचा कळस बघितल्याशिवाय जेवणार नाही, सगळे कारागीर म्हणाले ह्याला तर वर्षं लागतील, मग पैठणहून कोकास नावाचा कसबी आला, त्यानं वरून खाली कोरायला घेतलं आणि आठवड्यात कळस दाखवला. इतिहास म्हणून हे धरता येत नाही. पण राजाच्या लेखकानं सोडलेली जागा गोष्ट सांगणाऱ्यांनी भरली, आणि माणूस आणला तो पण आपल्या पैठणचा.

[अजिंठा. दहा नंबरचं लेणं. अंधार, बॅटरीचा झोत.]

अजिंठ्यात तर नावांची कमी नाही. सोळा नंबरमध्ये वाकाटकांचा मंत्री वराहदेव ह्याचा लेख आहे, सव्वीसमध्ये बुद्धभद्र भिक्षूचा. दान देणाऱ्याचं नाव आहे, चित्र काढणाऱ्याचं नाही. आणि मग २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीला आला, त्याला हे लेणं दिसलं, आणि त्यानं काय केलं तर चाकू घेऊन चित्रावरच स्वतःचं नाव आणि तारीख खरवडली. ते नाव आज डोक्याच्या बऱ्याच वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती-दगडाचा ढीग साचलेला होता आणि साहेब त्यावर उभा होता. शाळेच्या सहलीतली पोरं हेच नाव आधी शोधतात. मी पण शोधलं होतं, खोटं कशाला बोलू.

मराठवाड्यात कुठंही जुनं दगडी देऊळ दाखवा, गावकरी म्हणणार हेमाडपंती. देगलूरकडच्या होट्टलची देवळं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, हेमाद्रीपंत तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री, म्हणजे काही देवळं त्याच्या जन्माच्या आधीची. तरी हेमाडपंती. एका माणसाच्या नावावर सगळ्यांची मजुरी जमा. आणि गावाबाहेरच्या वीरगळा तर बघूच नका, लढाईत मेलेल्या गड्याचा दगड, बहुतेकांवर अक्षर नाही, दोन-चार पिढ्या गेल्या की कुणीतरी शेंदूर लावतं आणि तो म्हसोबा होऊन जातो. चला, काहीतरी नाव मिळालं बिचाऱ्याला.

[घर. ओसरी. आज्जी सूप घेऊन बसलेली.]

आता घरी येऊ. जन्मताना आपण सगळेच बिननावाचे. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते आणि बारसं असतं बाराव्या दिवशी, म्हणजे नशीब आधी आणि नाव नंतर, खातं उघडायच्या आधीच हिशेब लिहून मोकळी. सरकार तिच्यापेक्षा दमानं घेतं, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बाळाच्या नावाशिवाय जन्माची नोंद होते आणि नाव नंतर टाकता येतं.

पण बाईच्या बाबतीत नाव परत एकदा काढून घेतलं जायचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव लिहायचं की माहेरचं संपलं. नवीन तरी कोण घेतंय! नवरा नावानं हाक मारणार नाही, ती त्याचं नाव घेणार नाही, घेतलंच तर उखाण्यात. आणि गाव तिला तिच्या माहेराच्या गावावरून ओळखणार. सेलूवाली, मानवतवाली, परळीवाली.

गंगाखेडची जनाबाई, तिनं स्वतःची नाममुद्रा घातली पण कशी घातली, "नामयाची जनी". आधी नामा, मग जनी. तरी तिची राहिली. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बाकीच्या बायकांना तेवढंही नाही, ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, विठ्ठलाचं येतं, जिनं रचली ती नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्या दोघांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बीडच्या माजलगावात पण रेकॉर्डिंग झालंय, आणि त्यांनी एक काम केलं जे बडोद्याच्या ताम्रपटवाल्यानं केलं नाही, गाणाऱ्या बाईला विचारलं, बाई तुमचं नाव काय. तीन हजारांहून जास्त बायकांची नावं आहेत त्यात.

ते वाचून मला जरा लाजच वाटली. कारण माझ्या आज्जीला अख्खं गाव जिंतूरवाली म्हणतं, आधारकार्डावर सासरचं नाव आहे, आणि माहेरचं मला माहीतच नव्हतं. छत्तीस वर्षांचा घोडा झालो मी. मग कॅमेरा लावून विचारलं.

"आज्जी, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"काहून? आता काय करतूस त्येचं?"

"असंच. व्हिडिओत टाकायचंय."

ती हसली, सुपातले खडे निवडत राहिली. मग सांगितलं. दोन अक्षरी नाव, आमच्या घरात कुणाचंच नाही असलं, आणि ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला, पोरीसारखा. मी दोनदा म्हणून बघितलं. तिनं एकदा "ओ" दिली.

मग म्हणाली, "ऐकलंस नव्हं? आता हे टाकू नको बाबा त्यात. तुझ्यापुरतं ऱ्हाऊ दे."

म्हणलं, अगं पण सगळा व्हिडिओच नावावर आहे.

"आसंल. माझं हाय ना ते नाव? मंग मी सांगीन कुणाला सांगायचं."

[फ्रेम तशीच. आज्जी सूप पाखडते. आवाज फक्त धान्याचा.]

तेवढं दीड सेकंद आम्ही एडिटिंगला कापलंय, तुम्हाला तिथं सुपाचा आवाज ऐकू येईल. खालच्या पट्टीवर तिनं सांगितलं तसंच लिहिलंय, जिंतूरवाली. स्पेलिंग तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.